दारातला काळा रंग

४ फेब्रुवारी

आज क्लासला नाव घातलं. मोशन ग्राफिक्स. म्हणजे रंगवलेलं चित्र कॉम्प्युटरवर हालतं करायचं.

कारण एकदाच लिहून ठेवते: हौस. लेक सांगते ते कारण नाही. लेक म्हणते, आई, बाबा गेल्यापासून तू घरात एकटी घाबरतेस, म्हणून बाहेर पडायला निमित्तं शोधतेस. त्यापेक्षा माझ्याकडे राहायला ये, एक खोली रिकामीच आहे.

मी घाबरत नाही. रेडिओ दिवसभर चालू असतो तो बातम्यांसाठी. बाथरूमचं दार उघडं ठेवून अंघोळ करते ती वाफ कोंडते म्हणून.

संकल्प: महिनाभरात शिकून मोकळं व्हायचं.

६ फेब्रुवारी

नाटकगृहाच्या मॅनेजरचा फोन. यांनी जन्मभर त्याच्या नाटकांची पोस्टरं रंगवली. आता तिथे रंगवलेला बोर्ड लागत नाही, दर्शनी भिंतीवर मोठा स्क्रीन बसवलाय. म्हणाला, वहिनी, ते दाराचं जुनं रहस्यनाटक परत उभं करतोय. वीस मार्चला पहिला प्रयोग. पोस्टर पेंटरचंच पाहिजे, पण स्क्रीनवर हलणारं. करणारा कुणी माहितीय का?

मी म्हटलं, मी करते.

तो मग म्हणाला, तुम्ही म्हणजे... तुम्ही? मी म्हटलं, मी म्हणजे मी. क्लासचे दोन तास झालेत.

लेकीला सांगितलं. ती हसली नाही, हे मला आवडलं नाही. म्हणाली, ठीक आहे. हे काम तुझ्या हातानं तडीस गेलं तर मी पुन्हा इकडे ये म्हणणार नाही. नाही गेलं तर सामान बांधायचं. कबूल?

कबूल म्हटलं. घर माझं, टेबल माझं, पोस्टर आमचं. हरायचा प्रश्न येतोच कुठे?

७ फेब्रुवारी

पोस्टर असं आहे. सगळ्यांत वर नाटकाचं नाव. अगदी पुढे एक मोठा हात, हातात कंदील. मधे एक पाठमोरी बाई, अंगावर हिरवी शाल. तिच्यासमोर अर्धवट उघडं दार. दाराच्या आत काळं.

मॅनेजरला हवं ते असं: कॅमेरा कंदिलाच्या बाजूनं निघेल, बाईला वळसा घालेल आणि सरळ दारातून आत जाईल. मी म्हटलं, सोपं आहे.

मूळ चित्र यांच्या कामाच्या खोलीत आहे. ती खोली मी बंद ठेवते. धूळ फार. लेकीनं कधीतरी मोबाइलवर काढलेला फोटो आहे, तो पुरेल.

१० फेब्रुवारी

क्लास औषधाच्या दुकानाच्या वर आहे. मॅडम लेकीहून लहान. गळ्यात हेडफोन, बोलणं बेतानं. मला काकू म्हणतात. दुसरा विद्यार्थी लग्नांचे व्हिडिओ काढतो. नवरा-नवरीची नावं हवेतून उडत आलेली दाखवायची, एवढ्यासाठी तो शिकतोय. मी त्याला लग्नवाला म्हणते, मनात. आमच्यात मी पुढे आहे असं माझं मत आहे.

मॅडमनी समजावलं. पोस्टरमधली एकेक वस्तू कडेकडेनं कापायची. मग पुठ्ठ्याच्या बाहुल्या उभ्या कराव्यात तशा त्या एकीमागे एक, अंतर ठेवून उभ्या करायच्या. या तुकड्यांना लेयर म्हणायचं. त्यांच्या मधून कॅमेरा फिरवला की सपाट चित्रात शिरल्यासारखं वाटतं. मला लगेच समजलं. शाळा माझी लवकर सुटली, पण वाचायला मी यांच्या पोस्टरांवरून शिकले आहे. एवढी मोठी अक्षरं वाचून शिकलेल्या माणसाला पुढचं सगळं सोपं जातं.

हात कापला. बाई कापली. तिला बाजूला सरकवलं तर तिच्या जागी बाईच्याच आकाराचं भोक.

मॅडम म्हणाल्या, काकू, आता ते भरायचं. माणूस उचलला की त्याच्यामागे काय होतं ते आपल्यालाच रंगवावं लागतं. चित्रकारानं ते काढलेलंच नसतं ना.

डोळे दुखायला लागले म्हणून लवकर घरी आले.

११ फेब्रुवारी

दुपारी घरी सराव, लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर. भोक स्क्रीनवर तसंच होतं. मी उठले की ते माझ्याएवढं दिसतं.

स्क्रीनवर टॉवेल टाकला. धूळ बसते.

१५ फेब्रुवारी

भोक भरलं. भिंतीचाच रंग उचलून थोडा थोडा लावत गेले. मॅडम म्हणाल्या, काकू, तुमच्यासारखं निगुतीनं कापणारं नि भरणारं मी पाहिलं नाही. लग्नवाल्यानं ऐकलं. त्यानं ऐकावं म्हणून मी पुन्हा एकदा काय म्हणालात असं विचारलं.

संकल्प: हे झाल्यावर इतरांना शिकवायचं. फी बेताची ठेवू.

१७ फेब्रुवारी

आज थ्रीडी. लेयरला एक बटण असतं, ते दाबलं की तो मागेपुढे सरकू शकतो. मी दार मागे ढकललं. ते उंदराच्या बिळाएवढं झालं. मॅडम म्हणाल्या, लांब नेलं की लहान दिसणारच, काकू, जेवढं लांब तेवढं मोठं करा. बरोबर आहे. हा नियम मला माहीत होता, फक्त वापरला नव्हता.

घरी येऊन पुन्हा बसले. बाई, हात, दार, सगळे सरकवले. अचानक स्क्रीन रिकामा. कुणीच नाही. मॅडमना फोन लावला. त्यांनी काय काय दाबलं ते विचारलं, मग शांतपणे म्हणाल्या, काकू, ते गेले नाहीत. कॅमेरा पुढे आलाय. सगळे तुमच्या मागे उभे आहेत.

भर दुपारी एकट्या बाईला फोनवर असं सांगू नये.

मागे वळून पाहिलं. भिंत होती.

१८ फेब्रुवारी

टेबल हलवलं. आता खुर्चीची पाठ भिंतीला आहे. उजेड बरा येतो.

लेकीचा फोन. रिकामी खोली रंगवून घेतली म्हणाली. फिकट पिवळा. मला न विचारता माझ्यासाठी रंग! पलंगही बुटका घेतलाय, गुडघे दुखणाऱ्याला चढायला सोपा. माझे गुडघे ठणठणीत आहेत. मला भुलवायचे डाव आहेत हे. मी बधणार नाही.

२१ फेब्रुवारी

कॅमेऱ्याला वाट आखून दिली. त्यानं बाईला वळसा घालायचा होता, तो तिच्यातून गेला. आधी नुसती हिरवी शाल जवळ येते, जवळ येते, सगळा स्क्रीन हिरवा होतो आणि एकदम पलीकडे. लग्नवाला ओरडला, अगं आई गं! मग म्हणाला, काकू, भुताचा सिनेमा काढताय का? निदान मला सांगून तरी जात जा अंगातून.

मी म्हटलं, ही माझी कल्पना आहे. नाटक रहस्याचं आहे.

पदर अंगभर लपेटून घेतला. क्लासमध्ये पंखा फार जोरात लावतात.

२३ फेब्रुवारी

आज एक चूक केली. चूक नाही, प्रयोग.

बाई पाठमोरी आहे. वर्षानुवर्षं पाहतेय, तिचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. मला वाटलं, आता कॅमेरा आपल्या हातात आहे. तो दारापाशी न्यावा आणि तिथून मागे वळवावा. म्हणजे ती समोरून दिसेल. यांनी कुणाचा चेहरा मनात धरला होता ते कळेल.

नेला. वळवला.

पुढूनही पाठच.

मशीन बंद केलं नाही, वायरच ओढली.

मॅडमना सांगितलं तर त्या पहिल्यांदाच हसल्या. काकू, कागद आहे तो. मागून पाहिला तर तेच चित्र उलटं दिसतं, त्याला तोंड कुठून येणार? मीही हसले. बराच वेळ हसले. मग मॅडमनी पाणी आणून दिलं.

२८ फेब्रुवारी

चार-पाच दिवस मशीन लावलं नाही. मान धरली आहे.

२ मार्च

बाकी सगळं झालं. राहिलं फक्त दार. कॅमेरा दाराजवळ गेला की काळ्याचे चौकोन चौकोन पडतात, शेवाळलेल्या फरशीसारखे. मॅडम म्हणाल्या, मोबाइलचा फोटो आहे, एवढ्या जवळून तो फुटणारच. मूळ चित्र आणा, मोठं स्कॅन करू. कुठे आहे ते?

मी म्हटलं, पाहुण्यांकडे.

असं का म्हटलं कळलं नाही. पण वेळ मिळाला.

खरं म्हणजे अडचण चौकोनांची नाही. हा काळा साधा काळा नाही. यांनी बाकी नाटकांना काळे दिले, ते बुटाच्या पॉलिशसारखे. हा तसा नाही. नजर आत जाते आणि टेकत नाही. यांना त्या दारात काय दिसलं असेल? पुढे पुढे फार बोलत नसत. जेवायला बसले की मधेच खिडकीकडे बघत. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

ग्रंथालयातून रंगांवरचं पुस्तक आणलं. त्यात म्हटलंय, काळा म्हणजे प्रकाशाचा अभाव. एवढं मला पुस्तकाआधीच माहीत होतं, रोज दिवेलागणीला कळतं.

४ मार्च

संकल्प: उद्या सकाळी खोली उघडून चित्र बाहेर काढायचं. त्यात काय आहे!

५ मार्च

सकाळी दूध उतू गेलं. सगळा ओटा पुसावा लागला. मग जेवायची वेळ. दुपारी बिल्डिंगमध्ये लोक झोपलेले असतात, कड्याकुलपं वाजवू नयेत. संध्याकाळी उजेड कमी.

उद्या.

६ मार्च

चावी सापडत नाही.

७ मार्च

चावी पर्समध्ये होती. हरवू नये म्हणून मीच ठेवली होती. या घरात एक वस्तू वेळेवर हरवत नाही.

९ मार्च

मॅनेजरचा फोन. स्क्रीनवाले फाइल मागतात म्हणाला. मी म्हटलं, शेवटचा हात फिरवतेय. आणि सुचवून पाहिलं, की कॅमेरा दाराशीच थांबला तर? रहस्य टिकेल.

तो म्हणाला, वहिनी, पंधरा सेकंदांत माणूस दारापर्यंत आला आणि तिथेच थिजला, तर लोक म्हणतील मशीन लटकलं. आत न्या हो. आत न्यायला काय भीती आहे?

भीतीचा काय संबंध, असं मी त्याला सुनावलं. आवाज जरा चढला असावा. तो सॉरी म्हणाला.

१० मार्च

आत आपणच काहीतरी रंगवावं असं ठरवलं. भोक भरलं तसं. भिंत काढून पाहिली. कोंडल्यासारखं झालं. दिवा काढला. दिवा कुणी लावला हा प्रश्न आला. टेबल काढलं, टेबलावर कप. कप काढून झाल्यावर पाहिलं तर तो यांचाच, कान तुटलेला.

सगळं पुसलं. दार पुन्हा काळं.

लेकीचा फोन. पहिल्या प्रयोगाला येते म्हणाली. खोलीचा विषयच काढला नाही. सासूबाईंच्या तब्येतीबद्दल सांगत बसली. नवी युक्ती दिसते, मी होऊन विचारावं म्हणून. विचारलं नाही.

१२ मार्च

आज खोली उघडली. एकटीनं उघडली असती, पण चित्र जड, दोघांनी उचलायचं. म्हणून लग्नवाल्याला बोलावलं. त्याला म्हटलं, तुझा व्हिडिओचा दिवाही आण, आतला बल्ब गेलाय. आतला बल्ब गेलाय की नाही मला माहीत नाही.

कुलूप मी काढलं. आधी तो आत गेला. मी चप्पल शोधत होते. आतून म्हणाला, काकू, पंखा लावू का? कोंदट झालंय.

बस. एवढंच होतं आत. कोंदट.

ब्रश डब्यात वाळून उभे होते. खुर्चीवर शर्ट. मी शर्टाकडे पाहिलं नाही, चित्राकडे गेले. त्यानं दिवा बाजूनं तिरका धरला. तसा धरला की रंगावरचा ब्रशचा एकेक फटकारा उठून दिसतो. हात यांचा, कंदील यांचा. यांचे फटकारे उजवीकडे वर चढतात. शाल यांची. मग दार.

दारातले सगळे फटकारे डावीकडे चढत होते.

मी डावखुरी आहे.

उभ्या उभ्या सगळं आठवलं. माणसं हे काढायचे, सपाट जागा मी भरायची. आमची तशी वाटणीच होती. हे चहाला खाली जायचे आणि मी मोठा ब्रश घेऊन बसायची. त्या दिवशी काळा संपत आला होता. दुकान बंद. मी उरलेला निळा त्यात ओतला, कुणाला कळणार म्हणून. यांनी वर येऊन पाहिलं नि म्हणाले, छान झालंय गं. मला वाटलं होतं चेष्टा करतात.

म्हणजे महिनाभर जीव टांगणीला लावून मी विचारत होते, यांना त्या दारात काय दिसलं असेल. आणि त्या दारात होते मी, भात करपतोय की काय या काळजीत.

लग्नवाला म्हणाला, काकू, रडताय का? मी म्हटलं, धूळ. ते मात्र थोडंफार खरं होतं.

१३ मार्च

आता भीतीचं कारणच उरलं नाही. आधीही नव्हतं.

तरी एक. यांनी त्या दारात काहीच ठेवलं नव्हतं, हे जास्त वाईट आहे. काही असतं तर शोधता आलं असतं.

१६ मार्च

स्कॅन झालं. मॅडम म्हणाल्या, हा काळा किती वेगळा आहे, कुणी केला? मी म्हटलं, घरच्यांनी.

कॅमेरा आत नेला. चौकोन नाहीत. निळसर काळं, संथ. रेंडर केलं. रेंडर म्हणजे कॉम्प्युटरनं सगळं शिजवून एका फाइलमध्ये वाढायचं. फाइल मॅनेजरला दिली. त्यानं मोबाइलवर सुरुवातीचं पाहिलं, वा वहिनी म्हणाला आणि पळाला, त्याचा पडदा शिवायचा राहिला होता.

झालं. माझ्या हातानं. इथून मला कुणी हलवू शकत नाही.

२० मार्च, सकाळ

लेक आली. तिला मी आल्या आल्या काही बोलले नाही. संध्याकाळी स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. हरल्यावर तिचं तोंड कसं होईल म्हणून थोडं वाईट वाटतंय. आईच मी.

२० मार्च, प्रयोगाहून आल्यावर

जसं झालं तसं लिहिते.

रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. मी, लेक, मॅडम, लग्नवाला. स्क्रीन लागला. कंदील सरकला. लोक थांबले. बाई आली, तिला कॅमेऱ्यानं वळसा घातला, एकजण ओहो म्हणाला. लेकीनं माझा दंड धरला. दार मोठं झालं. कॅमेरा आत.

आणि काळं.

काळंच. एवढ्या मोठ्या स्क्रीनवर, भर रस्त्यात. कुणीतरी म्हणालं, लाइट गेली. स्क्रीनवाला शिडीवर चढला आणि त्यानं मशीन बंद करून परत लावलं. कंदील, बाई, दार, काळं. तो परत चढला. प्रयोग सुरू होईपर्यंत तो चढत-उतरत होता.

मॅनेजर रस्ता ओलांडून आला. म्हणाला, वहिनी, फार सुंदर आहे, पण शेवटी नाटकाचं नाव यायचं होतं ना?

नाव मी मोठ्या कौतुकानं कापलं होतं. एकेक अक्षर. ते पोस्टरवर सगळ्यांत वर, पुढच्या बाजूला आहे, म्हणून तिथेच उभं केलं. सुरुवातीला ते डोक्यावरून निघून जातं. कॅमेरा दारातून आत गेला तेव्हा नाव मागे, दाराबाहेर राहिलं. ते आत आणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या काळ्यात सोबतीला काही न्यावं, हे सुचायला हवं होतं.

मॅडम म्हणाल्या, माझंच चुकलं, शेवट तपासायला हवा होता. लग्नवाला म्हणाला, काकू, माझ्या एका लग्नात नवऱ्याचं नाव राहिलं होतं, तुमचं तर नुसतं नाटक आहे.

घरी येईपर्यंत मी लेकीला समजावत होते. नावाचं सोडलं तर काम तडीस गेलंय. लोक थांबले होते. ओहो म्हणाले होते. अट फक्त तडीस जाण्याची होती. नाव येण्याबद्दल ठरलं नव्हतं.

जिना चढताना ती म्हणाली, आई, अगं पुरे. मला आवडलं ते. राहा तू इथेच.

मी म्हटलं, म्हणजे मी जिंकले?

ती म्हणाली, जिंकलीस. आणि खरं सांगू, मी तुला कसं सांगावं याच विचारात होते. सासूबाई पुढच्या आठवड्यात कायमच्या येतायत. ती खोली त्यांनाच दिलीय. तुला लागेल असं वाटलं नाही. तू तर इतकी ठाम होतीस.

मी म्हटलं, बरं झालं. फिकट पिवळा त्यांना शोभेल.

२१ मार्च, सकाळ

लेकीला सकाळचीच बस होती. डबा दिला. तिला म्हटलं, माझी अजिबात काळजी करू नकोस.

ती म्हणाली, नाही करत.

दारात उभी राहिले. ती अर्धा जिना उतरली आणि थांबली. वळली. वर यायला लागली. मला वाटलंच होतं. आई, चल ना तू पण, जागा करू कुठेतरी, असं म्हणेल. मी उत्तर जुळवत होते. पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हणाली तर बघू म्हणायचं. तिसऱ्यांदापर्यंत ताणायचं नाही.

ती वर आली. म्हणाली, चार्जर राहिला.

आणून दिला. ठरवल्याप्रमाणे मी इथेच आहे.